पश्चिमेच्या व्हरांड्यातले बूट

मुलांनो,

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी फोनवर दोन गोष्टी विचारल्यात. थोरलीने विचारलं की तिलाही आता ती धावणं आणि व्यायाम एकत्र असलेली शर्यत करायची आहे, तर बूट कोणते घ्यायचे हे आत्याला विचारून सांग. धाकट्याने आत्याचा शर्यतीतला फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "आजी, तिच्या बुटाला समोर काळ्या दोऱ्याची शिलाई का आहे?" आत्या म्हणाली, "तुझ्या आजोबांना विचार," आणि फोन त्यांच्यापुढे धरला. आजोबा टॉवेल घेऊन आंघोळीला गेले. सकाळची आंघोळ झालेली असताना.

म्हणून मीच लिहिते आहे. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते फोनवर सांगायला गेले की माझा आवाज चढतो. कागदावर तरी तो जरा आवरता येईल असं वाटतं.

तुमच्या बाबाला अजूनही ही शर्यत म्हणजे मॅरेथॉन वाटते, म्हणून आधी त्याच्यासाठी. एक किलोमीटर धावायचं, मग एक व्यायाम करायचा, पुन्हा एक किलोमीटर, पुन्हा वेगळा व्यायाम, असं आठ वेळा. व्यायाम म्हणजे सूर्यनमस्कार नव्हेत. वजनं लादलेली लोखंडी घसरगाडी गालिच्यावरून ढकलत न्यायची, मग ती दोराने ओढायची, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं, खांद्यावर रेतीचं पोतं घेऊन एकेक गुडघा जमिनीला टेकवत पुढे जायचं, आणि सगळं अंग मोडून आल्यावर जड चेंडू भिंतीवर उंच फेकत राहायचं. हे सगळं एकाच बुटांत. धावायला मऊ आणि जाड तळाचा बूट बरा पडतो. वजन घेऊन बसायला-उठायला कडक आणि चपट्या तळाचा लागतो. ढकलायला तळाला पकड लागते. तिन्ही गुण एका बुटात शोधणं म्हणजे काय असतं, ते मी चार महिने घरात पाहिलं आहे.

गेल्या वर्षी आत्या जाड तळाच्या बुटांत गेली होती. गालिच्यावर तिचे पाय मागे घसरत होते, गाडी जागची हलत नव्हती. ती कशीबशी निभावली. नंतर पोतं खांद्यावर असताना त्या मऊ तळावर डावा पाय कलला आणि घोटा मुरगळला. दोघांनी धरून तिला बाहेर आणलं. नागपूरहून वर्ध्यापर्यंत ती गाडीत एक शब्द बोलली नाही. ऑफिसात दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं, "मॅडम, आता मॉर्निंग वॉक पुरे करा." शेजारच्या काकूंनी मला फाटकापाशी गाठून सांगितलं की चाळिशीनंतर हाडं तशी राहत नाहीत. जणू हाडं त्यांनीच दिली होती.

घोटा बरा झाल्यावर एका संध्याकाळी आत्या भाजी निवडताना म्हणाली, "आई, मी अजून एकदा जाणार आहे. ह्या वेळी पूर्ण झाली नाही तर पुन्हा नाव देणार नाही. आणि मग मला कोणी काही विचारायचं नाही."

ती माझी मुलगी आहे. तिची कोणती वाक्यं धमकीची असतात आणि कोणती निर्णयाची, हे मला कळतं. हे निर्णयाचं होतं.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, ह्याचा ह्या घरात एकच उपयोग उरला आहे. औषधाची चिठ्ठी, विम्याचे कागद आणि मशीनसोबतची पुस्तिका मी वाचायची. त्यात बुटांची परीक्षणं आली. आत्या ऑफिसातून दुवे पाठवायची आणि मी दुपारी चष्मा लावून वाचत बसायची. एक गृहस्थ लिहितात, हा बूट ढगासारखा मऊ. त्याच बुटाबद्दल दुसरे लिहितात, विटेसारखा कडक. तिसऱ्या बाईंनी तर दोन पानं केवळ रंगावर खर्च केली होती. टाचेची उंची मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, तळाच्या फोमचं खास नाव, सगळं होतं. वर्ध्याच्या एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या व्हरांड्यात त्या बुटाचं काय होतं, हे मात्र एकानेही लिहिलं नव्हतं. ही मंडळी बूट कपाटात ठेवत असावीत.

पहिला जोड आत्याने गावातच घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, जिमचा बूट म्हणजे हाच. डोळे मिटून घ्या." तिने डोळे मिटून घेतला. चपटा, कडक, वजन घ्यायला उत्तम. दोनदा धावून आली तर पोटऱ्या दगडासारख्या. जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरायची. तो बूट आता ती बागेला पाणी घालताना वापरते. दुसरा जोड ऑनलाइन मागवायचा ठरला. तिथे मापाचे तीन देशांचे तीन आकडे होते आणि तिन्ही वेगळे. आजोबांनी त्यावर उपाय म्हणून आत्याला वर्तमानपत्रावर उभं केलं, पेन्सिलीने पावलाभोवती रेघ काढली, आणि तो कागद कात्रीने कापून मला दिला. "हे पाठवून दे कंपनीले."

"अहो, कंपनी कागदाचं पाऊल घेत नाही."

"काऊन नाई घेत? आमचा मोची घेत होता."

जोड आला, अंगठा समोर टेकला, परत गेला.

तिसरा जोड नागपूरला मिळाला, आणि तो शनिवारी मिळाला. इथे तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्या घरात शनिवारी पायात घालायचं काही विकत घेत नाहीत. आजोबांना विचारलंत तर ते सांगतील की त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. "पण सहा वार पडले हायेत ना, सातवाच कायले पायजे?" आत्याला सुट्टी शनिवारी आणि रविवारी असते. रविवारी सकाळी तिचा लांब सराव असतो, आणि ती ज्या बाईंकडे घोटा दाखवायला नागपूरला जाते त्या शनिवारीच बसतात. त्यांच्या दवाखान्याला लागून ते दुकान. आजोबा गाडीत एकटं बसायला नको म्हणून आत आले. मी होतेच.

थोरले, आता नीट वाच, कारण तुझ्या कामाचं इथे आहे. आत्याने बूट घातला तो संध्याकाळी, पाय दिवसभर फुगल्यावर, आणि सरावाचेच मोजे घालून. पुढे अंगठ्याएवढी जागा आहे का ते दाबून पाहिलं. टाच आतून उचलते का ते चालून पाहिलं. बूट हातात घेऊन वाकवला, तर तो बोटांपाशी वाकला, मध्ये नाही. तळावर खरं रबर आहे का ते नखाने पाहिलं, नुसता फोम गालिच्यावर घसरतो म्हणून. मग दुकानाच्या मधल्या वाटेत एक गुडघा टेकवत टेकवत शेवटपर्यंत गेली आणि तशीच परत आली. एक बाई लेकराच्या सँडल घ्यायला आल्या होत्या, त्या बाजूला सरकल्या.

आजोबा हळूच म्हणाले, "बाई, लोकं पाहून राह्यले."

"पाहू द्या बाबा."

"अवं, निदान तो खांब तरी सोड."

कारण तोवर तिने दुकानाच्या खांबाला दोन्ही तळवे लावले होते, कंबर खाली घेतली होती आणि खांब ढकलत होती. पाय मागे सरकले नाहीत. ती उठली तेव्हा तिचा चेहरा मी गेल्या वर्षभरात पाहिला नव्हता तसा होता. "आई, हेच," ती म्हणाली. ना फार जाड, ना फार चपटा, रंग मात्र ओल्या सिमेंटचा.

"आज शनिवार हाये," आजोबा म्हणाले.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. त्या मापाचा तो एकच जोड उरला होता, आणि दुकानदार पोरगा बिलाचं यंत्र हातात धरून आमचा कौटुंबिक प्रश्न सुटायची वाट पाहत होता.

आजोबा आयुष्यभर सरकारी कचेरीत होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. नियम मोडायचा नाही आणि काम अडवायचंही नाही, ह्या दोहोंच्या मधून जाणारी वाट त्यांना नेहमी सापडते. थोडा विचार करून ते म्हणाले, "माप पाहणं वेगळं आन् घालणं वेगळं. आज घेऊन घे. पण डबा गाडीतच राहू देजो. घराच्या पायरीवर उद्या येईल तो." म्हणजे बुटांचा डबा शनिवारची रात्र गाडीच्या डिकीत काढणार आणि रविवारी खरेदी झाली असं धरायचं. दिवस उजाडल्यावर आजोबांनी स्वतः तो आणून व्हरांड्यातल्या रॅकवर ठेवला.

त्या रॅकवरूनच पुढचं सगळं झालं.

आपल्या घरात चप्पल, बूट, सँडल, काहीही उंबरठ्याच्या आत येत नाही. हा नियम आजोबांच्या आईचा. वडनेरच्या शेतातल्या घरी तो बरोबर होता. पायाला काळी माती चिकटलेली असे आणि आत धान्य असे. वर्ध्याच्या ह्या घरात माती नाही, धान्य नाही, नियम आहे. व्हरांडा पश्चिमेला, वर टिना, म्हणजे पत्रे, आणि खाली लोखंडी रॅक. दुपारी दोननंतर त्या रॅकवर पापड भाजला असता. रॅक मागच्या बाजूला, उत्तरेला सावलीत न्या, असं मी अनेकदा सांगितलं होतं. आजोबांचं उत्तर ठरलेलं: "पाहुणे समोरून येतात."

आत्याने त्या बुटांत मन लावून सराव केला. पहाटे पवनारच्या रस्त्याने धावायची. संध्याकाळी तिच्या प्रशिक्षकाच्या आवारात ट्रकचा टायर दोराने ओढायची. खांद्यावर घ्यायच्या पोत्यात आधी आजोबांनी शेतातली तूर भरून दिली, रेती आणायला कशाला जायचं म्हणून. पंधरवड्यात तिची निम्मी डाळ झाली आणि मला ती पाखडत बसावं लागलं. मग रेती आली. बूट पायाला बसले, घोटा धरून राहिला, आणि आत्या जेवताना पुन्हा बोलायला लागली. सकाळ-संध्याकाळ बूट पायात, दुपारभर रॅकवर. मे महिना असाच गेला. शर्यत जूनच्या पहिल्या रविवारी होती, नागपूरच्या थंड केलेल्या बंद हॉलमध्ये.

त्याच्या आधीच्या रविवारी सकाळी व्हरांड्यातून हाक आली, "आई." एवढीच. मी हातातली कणीक तशीच ठेवून गेले. आत्या पायरीवर बसली होती. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला होता आणि पोस्टाच्या न चिकटवलेल्या पाकिटासारखा उघडत मिटत होता. डाव्याचाही कोपरा सुटायला लागला होता. आतला गोंद पिवळा पडून भुकटी झालेला.

आजोबा वर्तमानपत्र घेऊन आले. "काय झालं?"

"बाबा, भाजले गेले बूट."

"इतके महागाचे? कंपनीच खराब हाये मग."

"कंपनी नाही बाबा, टिना. मी तुम्हाला म्हटलं होतं, माझ्या खोलीत ठेवते, पलंगाखाली. तुम्ही म्हणालात, आजवर कोणाचे बूट मेले का व्हरांड्यात."

"तवा असे फोमाचे बूट होते कुठं? चामड्याले काई होत नव्हतं."

"म्हणून तर सांगत होते!"

तिने बूट खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला, आणि मला त्याचीच भीती वाटली. "जाऊ दे," ती म्हणाली. "नवे घेऊन आठ दिवसांत पायाला बसत नाहीत, फोड येतात. जुन्यात जाऊन पुन्हा पाय मुरगळून घेणार नाही. ह्या वर्षी राहिलं." आणि ह्या वर्षी राहिलं ह्याचा अर्थ काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी आजोबांकडे पाहिलं. मला बोलायचं पुष्कळ होतं. माझ्या हाताला कणीक होती आणि ती वाळत चालली होती, एवढंच म्हणून मी आत गेले.

परत आले तर आजोबा पायात चप्पल घालून, हातात बुटांची पिशवी घेऊन फाटकापाशी उभे. "चल. बसस्टँडजवळचा मोची बसला असंन आता."

आत्या यायला तयार नव्हती. शिलाई घातली तर तळ वाकणार नाही, बोटांना टोचेल, असं तिचं म्हणणं. नुसता गोंद लावला तर घसरगाडीपाशी पुन्हा सुटेल, असं माझं. तरी आजोबांमागून गेलो, आणि चांभाराच्या समोर उभ्या राहून आम्ही दोघी भांडलो. तो म्हणाला, "काकाजी, आधी घरी ठरवून येत जा ना." शेवटी ठरलं ते असं: सगळीकडे गोंद, आणि शिलाई फक्त समोरच्या टोकाला, बाहेरच्या बाजूने. त्याच्याकडे राखाडी दोरा नव्हता. धाकट्या, तुझी काळी शिलाई ती ही. बूट परत देताना तो म्हणाला, "उद्यापावतोर दाबून ठेवा, थंड जागी. पुन्हा ऊन लागलं तर मग माह्याकडे आणू नोका."

घरी येऊन आम्ही पुन्हा त्याच पायरीवर. दुपारचा एक वाजलेला. व्हरांडा तापलेला, मागचं अंगण तापलेलं, न्हाणीघर ओलं. मे महिन्यात आपल्या घरात थंड जागा एकच: आतली कूलरची खोली, जिथे आजोबा दुपारी झोपतात.

मी उंबरठ्याच्या आत उभी राहून दार अडवलं नाही, एवढंच केलं. आजोबांनी पिशवीत पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती कचेरीतली वाट सापडल्याची कळा आली.

"दुरुस्तीतला बूट हा बूट नसते," ते म्हणाले. "पायात घालता येत नाई तवर तो सामान हाये. सामानाले काई हरकत नाई."

मुलांनो, आता तुम्हीच सांगा. हीच वाट ह्या माणसाला एप्रिलमध्ये का सापडली नाही? शनिवारची रात्र डिकीत काढायची युक्ती दुकानात उभ्या उभ्या सुचते, आणि पलंगाखाली बूट ठेवायला तळ सुटावा लागतो? मी हे सगळं मोठ्याने बोलले. शेजारच्या काकूंनी नक्कीच ऐकलं. आजोबा म्हणाले, "तवा कोणी तसं विचारलं नवतं," आणि ओल्या फडक्याने बूट पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून, आत घेऊन गेले. कूलरसमोर फरशीवर कागद पसरला, त्यावर बूट ठेवले, बुटांवर आत्याचं सरावाचं रेतीचं पोतं. स्वतः भिंतीला टेकून बसले, कारण झोपायची जागा बुटांनी घेतली होती.

दुपारी लाइट गेली. मी पाणी घेऊन गेले तर आजोबा घामाने निथळत होते आणि वर्तमानपत्राची घडी करून बुटांना वारा घालत होते. माझ्या सगळ्या संसारात, बाळंतपणं, ताप, सगळं धरून, त्यांनी मला एकदाही वारा घातलेला नाही. हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं. "तुले गोंद नवता लावला," ते म्हणाले. आत्या दारात उभी होती. ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

शर्यतीला आम्ही दोघंही गेलो. हॉलमध्ये गाणी इतकी मोठ्याने की मला शेवटपर्यंत डोकं दुखलं. लोक धावणाऱ्यांचे चेहरे पाहत होते, आजोबा कठड्यावर वाकून नुसते पाय पाहत होते. घसरगाडीपाशी आत्याने कंबर खाली घेतली, आणि काळी शिलाई ताणली गेली असं मला लांबून दिसल्यासारखं वाटलं. गाडी हलली. मग रेतीचं पोतं आलं. गेल्या वर्षी जिथे ती पडली तिथे मी डोळे मिटले, उघडले तर ती पुढे गेली होती. शेवटी चेंडू फेकताना ती मध्येच थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. आजोबा एवढ्या गर्दीत ओरडले, "बाई, बूट बरोबर हायेत! फेक!" आजूबाजूच्या पोरांना काही कळलं नाही. तिने फेकले. तिच्यामागे फारसं कोणी उरलं नव्हतं, पण शेवटची रेघ तिने चालत नाही, धावत ओलांडली. बाहेर आल्यावर तिने आधी खाली बसून बुटाचं टोक दाबून पाहिलं आणि मग पाणी मागितलं.

तर थोरले, बूट मधला घे. संध्याकाळी, मोजे घालून, गुडघे टेकवून पाहून घे, कोणी पाहत असलं तरी. शर्यतीच्या महिनाभर आधी घे. आणि तुमच्याकडे ऊन नाही हे मला माहीत आहे, तरी गाडीत आणि हीटरजवळ ठेवू नकोस. एवढं सांगायला तुझ्या आत्याला दोन मिनिटं लागली असती. मला पानं लागली, त्याचं कारण आजची आंघोळ करून बाहेर आलं आहे आणि चहा मागतं आहे.

आत्याने पुढच्या वर्षीसाठी नाव दिलं आहे. रॅक अजून पश्चिमेलाच आहे आणि नियमही अजून आहे. ते राखाडी बूट सरावाहून आले की ओल्या फडक्याने पुसून कूलरच्या खोलीत, कागदावर जातात, कारण आजोबांच्या लेखी ते अजून दुरुस्तीत आहेत. काळी शिलाई शाबूत आहे.